रात्री हळू ऐकायला किती वॅट लागतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडला फ्लॅट, साधारण ११ बाय १३ फुटांचा हॉल. स्पीकर स्टँडवर ठेवायचे, बंद खोक्याचे. माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी ८३ डेसिबल, इम्पिडन्स (करंटला होणारा विरोध) ४ ओहम आणि काही ठिकाणी तो ३ ओहमपर्यंत उतरतो. ऐकणं बहुतेक रात्री दहानंतर, मुलगी झोपल्यावर, हळू आवाजात: ख्याल, ठुमरी, थोडी सतार-सरोद. सध्या वडिलांचा जुना ३० वॅटचा ॲम्प्लिफायर आहे. त्यावर हळू आवाजात ‘जीव’ वाटत नाही, तानपुरा खरखरीत लागतो, आणि कधीकधी डावा स्पीकर गप्प होतो; आवाज वाढवला की परत बोलतो. दुकानदार म्हणाला, असे जड स्पीकर २०० वॅटच्या खाली चालतच नाहीत. मेहुणे म्हणतात, २० वॅट पुष्कळ झाले.

मेहुण्यांचा आकडा बरोबर आहे. दुकानदाराच्या बोलण्यातही एक खरी गोष्ट आहे, पण तिचा तुमच्या रात्रीच्या ऐकण्याशी जवळपास संबंध नाही. तुमची तक्रार वॅट कमी पडल्याची नाहीच, असं मी तुमच्या वर्णनावरून बऱ्याच खात्रीने सांगू शकतो. गेली तीसेक वर्षं मी ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो आणि बांधतो. हळू आवाजात मरगळलेला ॲम्प वॅट कमी म्हणून मरगळलाय, असं मला अजून एकदाही आढळलेलं नाही.

आधी हिशेब करू. ८३ डेसिबल म्हणजे स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले तर एक मीटरवर मिळणारा आवाज. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्टला एक वॅट जातो, तुमच्या ४ ओहमच्या स्पीकरमध्ये दोन. म्हणजे ‘एका वॅटला’ म्हणाल तर तुमचा स्पीकर ८० डेसिबलचाच आहे. तो जड आहे हे खरंच. आता तुम्ही बसता साधारण आठ फुटांवर, म्हणजे अडीच मीटर. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतराने आठ डेसिबल घटले असते. खोलीत भिंती काही आवाज परत देतात आणि स्पीकरही दोन वाजतात, त्यामुळे प्रत्यक्षात चारेक डेसिबलच जातात. धरून चला की २.८३ व्होल्टला तुमच्या खुर्चीवर ७९ डेसिबल मिळतात.

रात्री दार लोटून, शेजारच्या खोलीत कोणी जागं होऊ नये अशा बेताने लोक ऐकतात तेव्हा माझ्या मीटरवर सरासरी साठ ते पासष्टच्या मध्ये येते. ६३ धरू. ७९ मधून ६३ गेले, उरले १६ डेसिबल. व्होल्टेज सुमारे सहा पटींनी कमी. म्हणजे जेमतेम ०.४५ व्होल्ट. ४ ओहममध्ये हा झाला ०.०५ वॅट. एका वॅटचा विसावा भाग.

पण सरासरीवर ॲम्प निवडत नाहीत. बायाँवर घुमारा आला, सतारीवर मिजराब जोरात पडली की क्षणभर आवाज सरासरीच्या कितीतरी वर उडतो. आपल्या संगीताच्या नीट केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ही उडी पंधरा ते वीस डेसिबलची असते. पूर्ण वीस धरले तर व्होल्टेज दहापट, वॅट शंभरपट. म्हणजे ४.५ व्होल्ट आणि ५ वॅट. झाला तुमचा रात्रीचा सगळा खर्च. वडिलांचा ३० वॅटचा ॲम्प ८ ओहमच्या हिशेबाने साडेपंधरा व्होल्ट देतो, गरजेच्या तिपटीहून जास्त.

रविवारी दुपारी घर रिकामं असताना मोकळेपणाने, सरासरी ७५ डेसिबलला ऐकलंत तर व्होल्टेज चौपट करा. १८ व्होल्ट, म्हणजे ४ ओहममध्ये ८० वॅट. इथे वडिलांचा ॲम्प कमी पडेल. पण ८ ओहमला ५० वॅट लिहिलेला, ४ ओहमचा भार सहन करणारा कुठलाही प्रामाणिक ॲम्प २० व्होल्ट देतो आणि हे काम करतो. २०० वॅट कुठेच आले नाहीत. २० आणि २०० वॅटमधलं अंतर दहा डेसिबलचं आहे, आणि कानाला ते साधारण ‘दुप्पट मोठा आवाज’ एवढंच जाणवतं.

आता ‘जड’ या शब्दाबद्दल, कारण सगळा घोळ तिथे होतो. स्पीकर तीन वेगवेगळ्या अर्थांनी जड असतो आणि बाजारात तिन्हींना एकच शब्द वापरतात. पहिला अर्थ, सेन्सिटिव्हिटी कमी, म्हणजे व्होल्टेज जास्त लागणार. दुसरा, ओहम कमी, म्हणजे त्याच व्होल्टेजला करंट जास्त ओढणार. तिसरा सगळ्यात दुर्लक्षित: करंट आणि व्होल्टेज एका तालात नसणं, म्हणजे फेज. बीबीसीने १९७०च्या दशकात बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाड्यांसाठी बनवलेला एलएस३/५ए हा छोटा स्पीकर घ्या. त्याची सेन्सिटिव्हिटी ८२-८३ डेसिबल, तुमच्याइतकीच. पण त्याचा मूळ इम्पिडन्स १५ ओहम! करंट तो जवळजवळ मागतच नाही, म्हणून छोटे व्हॉल्व्ह ॲम्प त्याला आरामात वाजवतात. उलट बाजूला क्वाड या ब्रिटिश कंपनीचा १९५७चा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर. वरच्या पट्टीत त्याचा इम्पिडन्स दोन ओहमच्या आसपास कोसळतो, तरी क्वाडच्याच १५ वॅटच्या व्हॉल्व्ह ॲम्पवर लोकांनी तो वर्षानुवर्षं घरात ऐकला. त्याच्यावर मोठे ॲम्प लावले तेव्हा आत ठिणगी पडून पॅनेल जळाले.

फेजचं गणित एकदा समजून घ्या, कारण दुकानदाराच्या बोलण्यातली खरी गोष्ट हीच. साध्या रेझिस्टरमध्ये करंट सर्वात जास्त असतो तेव्हा ट्रान्झिस्टरवर व्होल्टेज सर्वात कमी उरलेलं असतं, म्हणून तो फार तापत नाही. स्पीकरच्या कॉइल-कॅपॅसिटरमुळे करंट मागेपुढे सरकला की ट्रान्झिस्टरवर भरपूर व्होल्टेज असतानाच त्याला करंटही वाहावा लागतो. ४ ओहम आणि ४५ अंश फेज एकाच जागी आले तर ट्रान्झिस्टरवरचा ताण दीड ओहमच्या रेझिस्टरएवढा होतो. अशा वेळी स्वस्त ॲम्पची संरक्षक यंत्रणा मध्ये पडते आणि आवाज फाटतो किंवा कट होतो. म्हणून अशा स्पीकरला मोठा ट्रान्सफॉर्मर, मोठी हीटसिंक, दणकट आउटपुट असलेला ॲम्प द्या, हे बरोबरच आहे, *मोठ्या आवाजात ऐकणार असाल तर*. रात्री तुमचे ४.५ व्होल्ट ३ ओहममध्ये जेमतेम दीड अँपियर मागतात, तेही क्षणभर. एवढ्यावर कुठल्याही चालू स्थितीतल्या ॲम्पला घाम फुटत नाही.

मग हळू आवाजात ॲम्प-ॲम्पमध्ये फरक का ऐकू येतो? फरक येतो आणि तो खरा असतो. पण तो शेवटच्या वॅटमध्ये नसून पहिल्या अर्ध्या वॅटमध्ये असतो, आणि तिकडे दुकानात कोणी बघत नाही.

यातली पहिली गोष्ट बायस. घरगुती ॲम्पमध्ये सिग्नलचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो आणि खालचा अर्धा दुसरा. हातातून हातात जाताना खाच पडू नये म्हणून दोघांमधून सतत थोडा करंट वाहता ठेवतात. हा करंट १०० मिलिअँपियर असेल तर ४ ओहमवर साधारण ०.०८ वॅटपर्यंत दोन्ही ट्रान्झिस्टर एकदमच काम करतात, हस्तांतर होतच नाही. तुमची रात्रीची सरासरी ०.०५ वॅट आहे हे लक्षात घ्या. बायस नीट असेल तर तुमचं बहुतेक ऐकणं याच गुळगुळीत भागात होतं. बायस ढासळला तर खाच नेमकी इथेच येते. मोठ्या आवाजात ती झाकली जाते, हळू आवाजात उघडी पडते.

सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात एका वृद्ध गृहस्थांकडे मी हे फार स्पष्ट पाहिलं. त्यांनी निम्मं आयुष्य तानपुऱ्याच्या सुरात घालवलेलं. ते म्हणाले, “दिवसा बरा वाजतो हो, रात्री जवारी बिघडते.” तोवर त्यांनी स्पीकर बदलले होते, वायरी बदलल्या होत्या. मी आउटपुट ट्रान्झिस्टरला जोडलेल्या एमिटर रेझिस्टरवर मीटर लावला. जिथे दहा-बारा मिलिव्होल्ट हवे होते तिथे एकही धड नव्हता. बायस जुळवायचा छोटा स्क्रू, म्हणजे प्रीसेट, पावसाळ्यांनी गंजला होता. नवा प्रीसेट टाकून, तासभर तापवून, बायस पुन्हा लावला. त्या रात्री त्यांनी फोन केला आणि बोलण्याऐवजी रिसीव्हर स्पीकरसमोर धरला. तानपुरा खरखरीत लागणं ही तुमची तक्रार वाचून मला तेच घर आठवलं. चार तारांचा संथ, अखंड, बारीक ओव्हरटोनने भरलेला सूर हा बायस तपासायचा उत्तम सिग्नल आहे.

तुमचा डावा स्पीकर गप्प होऊन आवाज वाढवल्यावर परत येतो, तो जवळजवळ नक्की आउटपुट रिलेचा दोष आहे. स्पीकरकडे जाणाऱ्या रस्त्यात एक रिले असतो, तो चालू करताना ‘टक्’ वाजतो. वर्षानुवर्षं हवा आणि दमट पावसाळे खाऊन त्याच्या संपर्कबिंदूंवर काळपट थर चढतो. मोठं व्होल्टेज तो थर भेदून जातं, छोटं अडकतं. म्हणून हळू आवाजात वाहिनी मरते आणि नॉब फिरवला की जिवंत होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ॲम्पमध्ये दम नाही. रिले घासून साफ करू नका, चार महिन्यांत पुन्हा तेच होतं. तेवढ्याच कॉइल व्होल्टेजचा, तेवढ्याच पायांचा नवा रिले बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत किरकोळ किमतीत मिळतो. जुना काढून सोबत न्या.

दुसरी गोष्ट व्हॉल्यूमचा नॉब. २०० वॅटचा ॲम्प घेतलात तर इथे तो तुम्हाला उलट त्रास देईल. तुमच्या डॅकमधून (डिजिटल गाण्याचा सिग्नल करणारा डबा) किंवा सीडी प्लेयरमधून २ व्होल्ट येतात आणि रात्री लागतात ४.५. म्हणजे एकूण सव्वादोन पट वाढवलं तरी काम झालं. बाजारातले बरेच इंटिग्रेटेड ॲम्प पाव व्होल्टला पूर्ण ताकद देतील असे बांधलेले असतात. २०० वॅट म्हणजे ४० व्होल्ट. पाव व्होल्टचे ४० करायचे तर १६० पट वाढ. ती वाढ तुम्ही नॉब मागे ओढून सत्तरपट कमी करणार. नॉब सात-आठच्या काट्यावर अडकलेला, आणि नॉबमागच्या साध्या कार्बन पॉटच्या त्या टोकाला डावा-उजवा ट्रॅक कधीच सारखे चालत नाहीत. दोन-तीन डेसिबलचा फरक पडतो, गायक मधून सरकून एका स्पीकरकडे झुकतो, आणि जरासं बोट लागलं की आवाज एकदम उडी घेतो.

उपाय सोपा आहे. डॅकमध्ये चोवीस बिटचा डिजिटल व्हॉल्यूम असेल तर तिथेच दहा-बारा डेसिबल कमी करा, काहीही बिघडत नाही. नसेल तर इनपुटच्या वायरीत दोन रेझिस्टर टाका: ६.८ किलो-ओहम मालिकेत, त्याच्यापुढे ३.३ किलो-ओहम अर्थला. झाले दहा डेसिबल कमी. पाव वॅटचे मेटल फिल्म घ्या आणि दोन्ही बाजूंसाठी मल्टिमीटरने जुळवून घ्या. नॉब दहा-अकराच्या काट्यावर आला की मधला गायक पुन्हा मध्ये येऊन बसतो.

तिसरी गोष्ट शांतता. नॉब शून्यावर असताना स्पीकरला कान लावा. जी ‘सूं’ ऐकू येते ती पॉवर भागाची, ती व्हॉल्यूमने कमी होत नाही. इथे तुमच्या जड स्पीकरने तुमच्यावर उपकार केले आहेत. ९८ डेसिबलच्या हॉर्न स्पीकरवर हीच सूं पंधरा डेसिबल जास्त ऐकू आली असती. हळू ऐकणाऱ्याला कमी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर हा दोष नव्हेच, असं माझं स्पष्ट मत आहे. सूंऐवजी घुर्र असा हम असेल तर आधी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. फ्लॅटमध्ये निम्म्या वेळा अर्थचा लूप तिथूनच येतो. आणि ॲम्पचा डबाच गुणगुणत असेल तर तो ट्रान्सफॉर्मर. मोठ्या टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरना मेन्समधल्या किंचित डीसीचाही त्रास होतो, स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर ते हमखास बोलू लागतात. दुकानाच्या गजबजाटात हे कळत नाही. नवा ॲम्प घ्यायचाच झाला तर दोन रात्री घरी आणून ऐकायची अट घाला.

‘जीव नाही’ या तक्रारीचा एक भाग ॲम्पमध्ये नाहीच, तो कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज जसा हळू होतो तसा आपला कान खालच्या सुरांना इतरांपेक्षा लवकर बहिरा होतो. सवाईच्या मंडपात छातीला लागणारा बायाँ तुमच्या हॉलमध्ये ६३ डेसिबलला पातळ लागणारच, ॲम्प कुठलाही असो. जुन्या ॲम्पवर यासाठीच ‘लाउडनेस’चं बटण असायचं. वडिलांच्या ॲम्पवर असेल तर रात्री बिनदिक्कत दाबा. नसेल तर बासचा नॉब किंवा फोनमधला इक्वलायझर वापरून १०० हर्ट्झच्या खाली चार-पाच डेसिबल वाढवा. टोन कंट्रोलला हात लावणं म्हणजे पाप असं मानणारे पुण्यात पुष्कळ आहेत. हळू ऐकणाऱ्याने त्यांचं ऐकू नये. सहा डेसिबल वाढवले तर त्या पट्टीत वॅट चौपट लागतात, म्हणजे ५ चे २०. ४ ओहममध्ये २० वॅटला ९ व्होल्ट लागतात. तुमच्याकडे साडेपंधरा आहेत.

पंखाही विसरू नका. माझ्या मीटरवर चारवर फिरणारा जुना छताचा पंखा ४५-५० डेसिबल दाखवतो. सरोदची मींड विरते तो भाग नेमका त्याच्या खाली दबतो. पंखा दोनवर आणलात किंवा खुर्ची आठ फुटांवरून पाचवर ओढलीत तर मिळणारी स्पष्टता ॲम्प बदलून मिळत नाही. पाच फुटांवर थेट आवाज चार डेसिबलने वाढतो, शिवाय फरशी आणि काचेच्या सरकत्या दारावरून येणारा परावर्तित आवाज त्या मानाने मागे पडतो.

वायरचा प्रश्न लवकर संपवतो: घरात एसीला टाकतात ती अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर चार मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ०.०६ ओहमच्या आत राहते. ३ ओहमच्या स्पीकरलाही पुरे. तापकीर गल्लीतून घ्या.

उद्या नवा घ्यायची वेळ आलीच तर ८ ओहमला ४०-६० वॅट आणि ४ ओहमला त्याच्या दीडपट तरी देणारा, मागच्या पट्टीवर ४ ओहम स्पष्ट लिहिलेला बघा. ‘किमान ६ ओहम’ लिहिलेले एव्ही रिसीव्हर सोडा. त्यांच्यावरचा ४ ओहमचा स्विच बहुतेक वेळा आतलं व्होल्टेजच कमी करतो. टीपीए३११६ चिपच्या छोट्या क्लास-डी (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणाऱ्या) बोर्डांवर लिहिलेले ५० वॅट १० टक्के डिस्टॉर्शनला मोजलेले असतात. रात्रीच्या ५ वॅटना ते पुरतात, पण त्यांचा आउटपुट फिल्टर फीडबॅकच्या, म्हणजे आउटपुट तपासून चूक सुधारणाऱ्या वळणाच्या, बाहेर असतो, त्यामुळे स्पीकरच्या ओहमप्रमाणे वरच्या पट्टीचा आवाज बदलतो. फिल्टरनंतर फीडबॅक घेणाऱ्या क्लास-डी ॲम्पमध्ये हा प्रश्न राहत नाही, तिथे मी निर्धास्त शिफारस करेन. क्लास-ए, ज्यात ट्रान्झिस्टर सतत चालूच असतात, तो गोड वाजतो हे मान्य, पण दोन वाहिन्यांचा २५ वॅटचा क्लास-ए शांत बसूनही दीडशे-दोनशे वॅट उष्णता फेकतो. एप्रिल-मेमध्ये, पंखा दोनवर ठेवून, बंद दाराआड? नको.

पण आधी क्रम असा ठेवा. वडिलांच्या ॲम्पचा रिले बदला, बायस लावून घ्या, नॉबमध्ये खरखर असेल तर पॉट स्वच्छ करा. मुख्य फिल्टर कॅपॅसिटर फुगले नाहीत ना, तेही कारागिराला बघायला सांगा. नंतर हे मोजा: रात्रीच्या नेहमीच्या जागेवर नॉब ठेवा, गाणं थांबवा, आणि नॉबला हात न लावता –२० डेसिबलचा (म्हणजे रेकॉर्डिंगच्या कमाल पातळीच्या वीस डेसिबल खालचा), १०० ते २०० हर्ट्झमधला टेस्ट टोन लावा. तसे फोनवर मोफत मिळतात. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर लावा. या पट्टीत साधा मीटरही बरोबर दाखवतो. आलेल्या आकड्याला दहाने गुणलं की तुमचं गाणं त्या नॉबवर जास्तीत जास्त किती व्होल्ट मागू शकतं ते कळतं. त्याचा वर्ग करून ८ ने भागा. ॲम्पच्या डब्यावर ८ ओहमला एवढे वॅट लिहिलेले हवेत. हेच रविवारच्या नॉबवर पुन्हा करा. रात्रीचा मीटर ०.४ ते ०.५ व्होल्ट दाखवेल असा माझा अंदाज आहे. रविवारचा दीडच्या वर गेला तरच नव्या ॲम्पचा विचार करा, आणि तेव्हा हे दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून दुकानात न्या.